एफसी चालती करताना

१५ डिसेंबर २०२४, रविवार

दादाशी सकाळपासून चाललेलं बोलणं दुपारी एकदाचं मिटलं. इंजिन बदलायचं नाही, आहे तेच उभं करायचं. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणं आपल्याकडे इतकं रुळलंय की पेट्रोलच ठेवणार म्हटलं की समोरचा आधी अ‍ॅव्हरेज विचारतो. दादानंही तेच विचारलं. त्याचं चुकलं असं नाही. गाडी शेतात राबवायची तर खर्च बघावाच लागतो. पण इंजिन काढून टाकल्यावर महिंद्राच्या एफसी १५० मध्ये उरतं काय?

ही गाडी आखलीच आहे इंजिनाभोवती. अमेरिकेत विलिस कंपनीनं १९५६ च्या अखेरीस ती आणली, रूप ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरचं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जीपचंच, ८१ इंच. फक्त पुढचं बॉनेट काढून टाकलं, ड्रायव्हरला पुढच्या चाकांवर नेऊन बसवलं आणि इंजिन दोन सीटांच्या मधे झाकणाखाली घेतलं. त्यामुळं मागं सहा फुटांचा हौदा मोकळा झाला. आपल्याकडे १९६५ मध्ये महिंद्रा हलक्या मालवाहू गाड्यांकडे वळली तेव्हा एफसी आली. आमची १९६८ ची. चिखलीच्या अरुंद वाटांतून गुऱ्हाळापर्यंत जाणारी आणि तिथून गुळाचे रवे भरून कोल्हापुरात अडतीला नेणारी दुसरी गाडी तेव्हा पंचक्रोशीत नव्हती, असं गुळाचा व्यापार करणारे आमचे आप्पा सांगायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शेडच्या पत्र्यापर्यंत चढलं, त्यात ती बुडाली. २०२१ ला पुन्हा. तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

दादानं होकार देताना एक अट घातली, ती मला मनापासून पटली: गाडी प्रदर्शनाला न्यायची नाही. चालती करायची, नटवायची नाही. हे वाक्य शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, म्हणजे पुढं प्रत्येक वादात त्याच्याकडं बोट दाखवता येईल.

२२ डिसेंबर

गाळ. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांत, दारांच्या पोटात, हेडलाइटच्या वाट्यांत, सीटखाली. पुराचा गाळ वाळला की सिमेंटसारखा होतो आणि पाणी लागलं की पुन्हा लोण्यासारखा पसरतो. पंपाच्या पाण्यानं धुतलं तरी चेसिसच्या भोकांतून करडं पाणी येतच होतं. गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून गंज बाहेरून नाही, आतून लागलाय. हातोडीच्या टोकानं ठोकत गेले. खणखणीत वाजेल तिथं लोखंड शाबूत, बद्द वाजेल तिथं गेलेलं. चेसिस जवळजवळ सगळी खणखणीत वाजली. जुना पत्रा जाड होता, त्याचं हे फळ.

चाकं काढताना पुतण्या डाव्या पुढच्या चाकापाशी अडला. पान्याला पाईप लावून त्यावर उभा राहायच्या बेतात होता, तेवढ्यात मदतीला आलेले जुने मेस्त्री ओरडले, “आरं थांब, उलटं हाय त्ये! डाव्या अंगाचं नट उलट्या आट्याचं असत्यात.” विलिसच्या वंशातल्या गाड्यांना डाव्या चाकांचे नट-बोल्ट डाव्या आट्याचे. पुढं जाताना फिरणारं चाक नटाला सैल करणार नाही, घट्टच करत राहील, हा त्यामागचा विचार. स्टडच्या टोकावरचा गंज घासल्यावर तिथं कोरलेलं इंग्रजी ‘एल’ हे अक्षर दिसलं. पुतण्यानं त्याचा फोटो काढला. आयटीआयमध्ये मी पोरांना डावा आटा फळ्यावर काढून दाखवते. हाताला लागलेला आटा कुणी विसरणार नाही.

मेस्त्रींचं वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उमेदवारी केलेले. आता गॅरेज बंद केलंय. बोलवायला गेले तर म्हणाले, “ताई, पैशाचं नंतर बघू. ‘इंची’ पानं हायती का तुमच्याकडं, ते आधी सांगा.” हल्ली दुकानात मिळणारा पान्यांचा संच मिलिमीटरचा असतो. ही गाडी इंचात बांधलेली आहे, आणि जवळजवळ बसणारा पाना बोल्टाचे कोपरे गोल करून टाकतो. आप्पांची पेटी सापडली, त्यात इंची पाने सगळे.

५ जानेवारी २०२५

इंजिन जाम होतंच. प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून आठवडाभर भिजत ठेवलं होतं. क्रँकच्या पुलीला पाना लावून हलवलं तर केसभरही हललं नाही. म्हणजे हेड उतरवायलाच हवं.

हे इंजिन म्हणजे विलिसचं हरिकेन. चार सिलिंडर, २१९९ सीसी. बोअर सव्वातीन इंचाच्याही आत आणि स्ट्रोक चार इंच तीन सूत, म्हणजे पिस्टन जितका रुंद त्याच्या दीडपटीहून थोडा कमी प्रवास करतो. म्हणून ते पळत नाही, पण कमी फेऱ्यांवर ओढतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्याआधीच्या जीपच्या इंजिनात दोन्ही खालीच होते. विलिसवाल्यांनी ब्लॉकची मूळ आखणी तीच ठेवली, फक्त इनटेक वर नेला आणि त्याला मोठा केला. श्वास मोकळा झाला, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन ७५ ला पोचलं. हाताशी असलेल्या ब्लॉकमधून जास्त कसं काढायचं याचा इतका स्वच्छ विचार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

हेडचे बोल्ट बाहेरून दिसतात तेवढे सगळे काढले. हेड जागचं हलेना. पुतण्या पटाशी आणायला निघाला. मेस्त्रींनी त्याला बसवलं आणि मला म्हणाले, “आता कार्बोरेटर काढा.” काढला. कार्बोरेटर जिथं हेडवर बसतो, त्या भोकाच्या आत, अंधारात, काजळीत बुडालेला एक बोल्ट. टॉर्च धरल्याशिवाय दिसला नसता. या इंजिनात इनटेकची नळी वेगळी नाही, हेडमध्येच ओतलेली आहे. तिच्या तळातून हा बोल्ट ब्लॉकमध्ये जातो. ज्यांना माहीत नसतं ते पटाशी घालतात, हेड उचकटायला बघतात आणि बिड तडकतं. “उद्यमनगरात ह्याच्यापायी फुटल्याली किती हेडं आणत हुती माणसं,” मेस्त्री म्हणाले. एवढंच बोलून ते काजळी खरवडायला लागले.

मी तो बोल्ट धुऊन वेगळ्या डबीत ठेवला. त्याचा वायसर तांब्याचा हवा, कारण बोल्टाच्या डोक्याशी इंधन-हवेचं मिश्रण असतं, तिथून गळती चालणार नाही. हे कुठल्या वर्गात शिकवलं जातं? जो माणूस हे इंजिन उघडत राहिला, त्याच्याच हातात ही माहिती आहे. मेस्त्रींसारखी दोन-चार माणसं गेली की ती जाणार. म्हणून यापुढं ते बोलतील ते सगळं या वहीत उतरवायचं, त्यांच्याच शब्दांत.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर शेडमध्ये गेले. शेजारच्या गोठ्यातून पशुखाद्यात घालायची मळी आणून ठेवली होती. दहा भाग पाण्यात एक भाग मळी. प्लास्टिकच्या पिंपात बिजागऱ्या, ब्रॅकेट, सीटचे सांधे, फाळक्याच्या साखळ्या बुडवल्या. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात गंज काढायला अ‍ॅसिड का आणावं? मळीतली द्रव्यं गंजातल्या लोहाला धरून विरघळवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा हात लावत नाहीत. वेळ लागतो, दोन-तीन आठवडे. वास मात्र सोसावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचं काही त्यात टाकायचं नाही, ते खाल्लं जातं.

२५ जानेवारी

ब्लॉक टेम्पोतून उद्यमनगरात. सगळीकडं हिंडून झालं, पण जीव रमला तो बोअर गेजपाशी. गेज सिलिंडरमध्ये सोडून हलकेच झुलवायचा, काटा जिथं मागं फिरतो तिथला आकडा घ्यायचा. वर एकदा, मधे एकदा, खाली एकदा; मग गेज काटकोनात फिरवून पुन्हा तेच. झीज सगळ्यात जास्त वर, जिथं पिस्टनची पहिली रिंग वळते. तिथं दाब आणि उष्णता सर्वाधिक, तेल सगळ्यात कमी. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून न झिजलेल्या लोखंडाचा कडा राहतो, नखाला लागतो. मागच्या सिलिंडरमध्ये पुराच्या पाण्यानं खड्डे पाडलेत. लेथवाले काका म्हणाले, “तीस थाऊ गेल्याबिगर निघायचं न्हाई.” म्हणजे इंचाच्या तीस हजारांशानं बोअर मोठा, तेवढेच मोठे पिस्टन. चारही सिलिंडर एकाच मापाचे करायचे, एकट्याला स्लीव्ह नको.

एक्झॉस्टच्या सीट तपासून घ्यायला सांगितल्या. २००० साली देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. जुन्या इंजिनांत ते शिसं सीटवर बसून त्यांना जपायचं. या इंजिनात एक्झॉस्टला मुळातच कठीण धातूच्या वेगळ्या सीट बसवलेल्या असतात, म्हणून काळजी कमी. दोन बदलाव्या लागतील.

बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमा-कॅमेरा याच शहरात घडवला. बाहेरून आलेली वस्तू उघडून बघायची, आपल्या लेथवर तिचा भाग काढायचा आणि ती आपली करून टाकायची, हा कोल्हापूरचा जुना स्वभाव आहे. या गावानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी तांबड्या पांढऱ्या रश्श्याच्या आधी हे सांगेन.

९ फेब्रुवारी

पत्र्याचं काम. केबिनच्या तळाचे दोन्ही कोपरे आणि बॅटरीखालचा भाग पूर्ण गेलाय. तिथला पत्रा कापून नवा घातला. मेस्त्रींचा वेल्डर गॅसवर काम करतो. पातळ पत्र्यावर एका दमात रेघ ओढली की पत्रा तापून वळतो, म्हणून टाके मारायचे, अंतरानं, एकदा इकडं एकदा तिकडं, मधे गार होऊ द्यायचं. सावकाश होतं, पण पत्रा सरळ राहतो.

हौद्यावरून पुन्हा दादाशी जुंपली. त्याला तळाला चेकर्ड प्लेट हवी. वजन वाढतं हे पटल्यावर तो गप्प झाला. हौद्याच्या डाव्या भिंतीवर गुळाचे रवे सरकून पडलेले पोचे आहेत. पेंटर म्हणाला, लांबी भरून आरशासारखं करतो. नको म्हटलं. पोच्याखाली पत्रा धड आहे, पाणी साचत नाही, गंज धरत नाही. मग भरायचं कशाला? वर लांबीचा थर दिला तर हौद्यात काही आदळल्यावर तो तडकणार, फटीत पाणी शिरणार आणि आतून गंज. राबणाऱ्या गाडीला लांबी म्हणजे रोगच.

दारावर पिवळ्या अक्षरांत आप्पांचं नाव, खाली ‘गूळ व्यापारी’, ‘मु. पो. चिखली’. तांबड्या रंगाची सावली दिलेली, एका हाताची, ब्रशची अक्षरं. दोन पुरांतून वाचली आहेत. दार रंगवायचं नाही असं ठरवलं. साबणाच्या पाण्यानं धुतलं, अगदी हलकं कंपाउंड फिरवलं, मग उकळलेलं जवसाचं तेल फडक्यानं चोळलं. कोरडा पडलेला रंग तेल पितो आणि पुन्हा उजळतो. बाकी केबिन रेड ऑक्साईड मारून मूळच्या हिरव्या रंगात जाईल. दार जुनं आणि केबिन नवी दिसली तर दिसू दे.

२ मार्च

इंधनाची टाकी, नळ्या, पंप. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं कितीतरी आपल्याच भागातल्या उसाचं. शेतकरी म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण १९६८ च्या गाडीला ते तसंच पाजता येत नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी टाकीच्या तळाशी गंज करतं. म्हणून पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घातला, सगळे होज बदलले, सोलेक्स कार्बोरेटरची गॅस्केटं नवी. टाकी आतून खडी घालून हलवून साफ केली आणि धुतली. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही, हा नियम.

वायरिंग जुनं काही ठेवलं नाही. पुराचं पाणी तारेच्या आवरणाखाली शिरून तांबं हिरवं करतं, वरून कळत नाही. डायनॅमो वाइंडिंगला दिलाय. रेडिएटर रॉडिंगला.

३० मार्च, पाडवा

इंजिन आज सुरू करायचं अशी घरात सगळ्यांची इच्छा होती. जोडणी झाली आहे, केलं असतं तर झालं असतं. मेस्त्री म्हणाले, “ब्रेक?” आणि विषय संपला. चालू झालेली गाडी कुणीतरी दोन फूट पुढं नेतंच.

या गाडीला ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच आणि वाटही एकच. एक पाईप फुटला की चारही चाकं गेली. जुने पाईप बाहेरून बरे दिसतात, पण क्लिपखाली खाल्लेले असतात. सगळे नवे ओढले. टोकं दोनदा दुमडून फ्लेअर केली, एकेरी फ्लेअर दाबाखाली चिरतो. चाकांच्या सिलिंडरांत नवे रबर. मागच्या उजव्या चाकापासून हवा काढायला सुरुवात केली, मास्टरपासून लांबचं चाक आधी. पेडल घट्ट झालं तेव्हा दिवस मावळला होता. गुढी उतरवून आईनं मेस्त्रींना श्रीखंड दिलं.

१६ एप्रिल

बुधवारी, आयटीआयमधून आल्यावर, कसलाही मुहूर्त नसताना. आधी प्लग काढून स्टार्टर मारला, तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत. नव्या बेअरिंगांना कोरडं फिरवायचं नाही. मग प्लग घट्ट, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ पुन्हा एकदा बोटानं मोजून, पॉइंटचा गॅप वीस थाऊ. इनटेकचे टॅपेट थंड असताना अठरा थाऊ, एक्झॉस्टचे सोळा. एक्झॉस्टचे खाली ब्लॉकच्या बाजूला झाकणाआड असल्यानं केबिनच्या तळाशी आडवं पडूनच करावे लागले.

इंजिन धरलं, खोकलं, पुन्हा धरलं. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर अंगठ्यानं किंचित फिरवला आणि आवाज एकदम गोल झाला. संथ, जाड, सलग. दादा काही न बोलता केबिनच्या दारात उभा होता. मग आत चढून इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून बसला.

गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा ताणायचे असतात. त्यातला एक कार्बोरेटरखाली. म्हणजे कार्बोरेटर पुन्हा उतरवायचा. पुतण्यानं हे न सांगता केलं.

४ मे

कागदांचा विचार. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. पण अशी गाडी रोज चालवायची नाही, धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. जपून ठेवलेल्या मोटारींना हे रास्त आहे. राबणाऱ्या मालगाडीसाठी असं दार कुठं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या देशात बैलगाडीनंतर शेतीमाल बाजारात नेला तो अशा गाड्यांनी. त्यांचा इतिहास कुणी जपायचा? राजेरजवाड्यांच्या गाड्यांना संग्रहालयं आहेत. गूळ, दूध, भाजी वाहिलेल्या गाड्या भंगारात तोलून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्या दुरुस्त करणारे हातही.

आम्ही जुनाच नंबर चालू करायचा प्रयत्न करणार. पासिंग, थकलेला कर, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, जे असेल ते. तोवर गाडी आमच्याच रानात.

१८ मे

पावसाची हवा. गोठ्यातलं शेणखत वरच्या रानात न्यायचं होतं, ते एफसीनं नेलं. हौदा काठोकाठ. बांधाची चढण दुसऱ्या गिअरमध्ये, पाय न देता. मागं वजन असलं की ही गाडी जमिनीला धरून चालते, रिकामी असताना मागून उडते.

पुतण्याला गाडी शिकवायला घेतलीय, आणि चालवणाऱ्यासाठी केबिनमध्ये टांगायला कागद लिहिलाय. मेस्त्रींनी वाचून दुरुस्त केला. पहिला गिअर गाडी उभी असतानाच टाकायचा, त्याला सिंक्रोनायझर नाही. इंजिनाचं झाकण उघडं ठेवून चालवायचं नाही, पाय भाजतात आणि धूर केबिनमध्ये येतो. किंगपिन आणि शॅकलना दर पंधरवड्याला ग्रीस, गन मारून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. डाव्या चाकाचे नट उलटे. पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही, मग ऑइल बदलायचं. उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

मेस्त्रींनी शेवटी एक ओळ स्वतःच्या अक्षरात घातली: ‘आवाज बदलला की थांबा, गाणी लावू नका.’ स्टिअरिंगला अजून दोन बोटं खेळ आहे, त्याचे बुश गुरुवारी उद्यमनगरातून येतील. पाऊस लागायच्या आत हौद्याला खालून दुसरा हात मारायचाय, आणि शेडमध्ये गाडीसाठी कमरेएवढा उंच कट्टा बांधायचा की पूर आल्यावर तिला वरच्या रानात हलवायची, यावर दादाशी बोलणं सुरू झालंय. मी वरच्या रानाच्या बाजूची आहे. आता ती स्वतःच्या चाकांवर चढून जाऊ शकते.